गिटारसाठी रोटरी पेडल घरी बनवायचं तर: भोंगा, ढोल आणि वेग बदलतानाचा उशीर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही मालवण भागात जत्रांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवता. पीटी२३९९ या उशीर देणाऱ्या आयसीवर व्हायब्रॅटो (स्वर वर-खाली हलवणारं सर्किट) बनवलात, एलईडी आणि एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) जोडून ट्रेमोलो (आवाज लहान-मोठा करणारं सर्किट) बनवलात आणि दोन्ही एकापुढे एक लावलेत. आवाज हलतो, पण जुन्या ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरसारखा, म्हणजे रोटरीसारखा, घुमत नाही. म्हणून विचारताय, तिसरं कोणतं सर्किट जोडू? शिवाय मागच्या पावसाळ्यात बोर्डाचं तांबं हिरवं पडलं, ते कसं टाळायचं?

तिसरं सर्किट जोडून हे सुटायचं नाही. तुमचा व्हायब्रॅटो आपल्या लयीत हलतो, ट्रेमोलो आपल्या लयीत, आणि दोघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. खऱ्या फिरत्या स्पीकरच्या पेटीत स्वर, आवाजाची पातळी आणि आवाजाचा उजळपणा हे तिन्ही एकाच फिरत्या वस्तूमुळे बदलतात. तिथून सुरुवात करू.

ही पेटी डोनाल्ड लेस्ली यांनी हॅमंड ऑर्गनसाठी बनवली आणि १९४१ पासून ती विकली जाऊ लागली. तिच्या नावाजलेल्या १२२ मॉडेलात ४० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे. सुमारे ८०० हर्ट्झवर आवाजाचे दोन भाग होतात. वरचा भाग फिरत्या भोंग्यातून बाहेर पडतो. भोंगे दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरा नुसता तोल सांभाळायला असतो. खालचा भाग १५ इंची स्पीकरमधून येतो. तो स्पीकर स्थिर असतो आणि त्याच्या तोंडाखाली एका बाजूने उघडा असलेला लाकडी ढोल फिरतो. भोंगा आणि ढोल एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, आणि त्यांचे वेगही सारखे नसतात.

आता समजा तुम्ही त्या पेटीसमोर उभे आहात. रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत जसा तुमच्या अंगावर येतो आणि पुढे सरकतो, तसं भोंग्याचं तोंड तुमच्याकडे वळतं आणि निघून जातं. तोंड समोर आलं की आवाज मोठा आणि उजळ, पाठ फिरली की लहान आणि मंद. स्वराचं मात्र वेगळं आहे. न थांबणारी गाडी कुडाळ स्टेशनातून भोंगा वाजवत जाते तेव्हा ती जवळ येत असताना स्वर चढलेला असतो आणि पुढे गेल्यावर उतरतो. ऐन समोरून जाताना तो मूळ स्वर असतो. म्हणजे फिरत्या भोंग्याचा स्वर सगळ्यात चढा असतो तो पाव फेरा आधी, आणि आवाज सगळ्यात मोठा असतो तेव्हा स्वर मूळ जागी असतो. या पाव फेऱ्याच्या अंतरामुळे कानाला 'काहीतरी फिरतंय' असं वाटतं. तुमच्या जोडणीत हे अंतर सतत सरकत राहतं, म्हणून ते गरगरतं पण फिरत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. मंद वेगाला भोंगा सेकंदाला सुमारे ०.८ फेरे घेतो आणि ढोल ०.६७. जलद वेगाला भोंगा ६.७ आणि ढोल ५.७ च्या आसपास. जलद वेगात दोघांच्या ठोक्यांची गाठ साधारण दर सेकंदाला पडते, मंद वेगात सात-आठ सेकंदांनी. त्यामुळे आवाज तोच तोच वाटत नाही. दोघांना एकच वेग दिलात की परिणाम मशीनसारखा सपाट होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि घरगुती पेडलांत हीच बहुतेक वेळा राहून जाते. भोंगा हलका, भिंगरीसारखा. वेग बदलला की सेकंदाभरात नव्या वेगाला पोचतो. ढोल म्हणजे जातं. त्याला वेग घ्यायला चार-पाच सेकंद लागतात आणि सोडायलाही तेवढेच. बटण दाबल्यावर भोंगा पुढे निघून गेलेला आणि ढोल मागून रखडत येणारा, हा मधला काळ हीच रोटरीची ओळख आहे. वादक नेमक्या त्याच क्षणासाठी बटण दाबतात. बाकी सगळं जेमतेम जमलं आणि हा उशीर नीट जमला, तरी ऐकणारा पेटी ओळखतो. उलट केलंत तर ओळखत नाही.

आता सर्किट कोणतं घ्यायचं, हे तुमच्याजवळ काय आहे आणि तुम्हाला कशात रस आहे यावर अवलंबून आहे. पीटी२३९९ या कामाला बसत नाही. त्याचा किमान उशीर ३० मिलिसेकंदांच्या घरात आहे आणि रोटरीत कोरडा आवाज मिसळायचा नसतो, सगळाच आवाज फिरलेला हवा. म्हणजे प्रत्येक स्वर बोटामागून ३० मिलिसेकंद उशिरा येणार. ताशा-ढोलकीबरोबर वाजवताना ते खटकतंच. एमएन३२०७ सारखी बकेट ब्रिगेड (आवाज टप्प्याटप्प्याने पुढे ढकलून उशीर देणारी) आयसी २०० किलोहर्ट्झ क्लॉकवर अडीच मिलिसेकंदांपर्यंत उतरते, तेवढं चालतं. पण तिचं बायस (कामाचं ठरावीक व्होल्टेज) लावायला ऑसिलोस्कोप असलेला बरा, आणि बाजारात तिच्या नावाने खपवलेल्या नकली आयसी खूप आहेत. चार टप्प्यांचं, दिवा आणि एलडीआर असलेलं युनिव्हाइब पद्धतीचं सर्किट गोड वाजतं, मलाही आवडतं. पण ते फक्त फेज, म्हणजे ध्वनिलहरीची जागा, सरकवतं. त्यात भोंगा नाही, ढोल नाही आणि दोघांमधला उशीरही नाही. ते बनवायचं असेल तर युनिव्हाइब म्हणूनच बनवा.

तुम्ही आर्डुइनोवर थोडंफार काम केलंय असं लिहिलंय, म्हणून माझा सल्ला डेझी सीडचा. हा ४० पायांचा छोटा बोर्ड आहे, त्यावर ४८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि स्टिरिओ ऑडिओ कोडेक (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) दोन्ही बसवलेले येतात. टीन्सी हा तसाच बोर्ड आणि त्याचं ऑडिओ शील्ड हातात असेल तर तेही चालेल, पुढचा हिशोब तोच राहील. एफव्ही-१ या इफेक्टच्या आयसीवरही हे होतं. पण त्यात १२८ सूचनांच्या आत सगळं कोंबावं लागतं, आणि सुरुवातीलाच ती कसरत कशाला? सुटे भाग कुडाळ-कणकवलीच्या दुरुस्तीच्या दुकानांत टीएल०७२ (ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी), रेझिस्टर, कपॅसिटर इतपत मिळून जातील. बोर्ड, डायकास्ट डबा आणि पायाची बटणं मात्र ऑनलाइन किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागतील. बटण आणि जॅक प्रत्येकी एक जास्तीचा मागवा. पाच रुपयांच्या भागासाठी आठवडा थांबण्यापेक्षा ते परवडतं.

आधी वीजपुरवठा. ९ व्होल्ट डीसी, मधला पिन ऋण, किमान ३०० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. चौकोनी ९ व्होल्ट बॅटरीचा विचार सोडा, हा बोर्ड ती एका कार्यक्रमातही पुरी पडू देणार नाही. आत शिरताच १एन५८१७ डायोड मालिकेत टाका, म्हणजे उलटा अ‍ॅडॉप्टर लागला तरी काही जळणार नाही. तिथून एक तार सीडच्या ३९ नंबरच्या पायाला आणि जवळच १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुसरी तार ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून जाऊन आणखी एका १०० मायक्रोफॅरडवर. ऑप-अँपला वीज इथून द्यायची. हा ४७ ओहम फालतू समजून गाळू नका, कारण पुढे येतं. सीडचा २० नंबरचा पाय ऑडिओची ग्राउंड आणि ४० नंबरचा डिजिटल ग्राउंड आहे. हे दोन्ही बोर्डाच्या आत जोडलेले नसतात, तुम्हाला बाहेरून जोडावे लागतात. ते राहिलं तर बोर्ड सुरू होतो, दिवा लागतो आणि आवाज मात्र एकतर येत नाही किंवा करकरतो. मग लोक दोन दिवस कोड तपासत बसतात.

इनपुटला गिटारच्या जॅकपासून १ किलोओहम मालिकेत, मग १०० पिकोफॅरड ग्राउंडला, मग १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि तिथून टीएल०७२ चा धन इनपुट. या इनपुटला अर्ध्या व्होल्टेजकडे १ मेगाओहम. अर्धं व्होल्टेज दोन १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडने तयार करा. डायोडमुळे ते साडेचारऐवजी ४.३ च्या आसपास दिसेल, तसंच बरोबर आहे. गेनसाठी आउटपुटपासून ऋण इनपुटपर्यंत २५ किलोओहमचा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर), आणि ऋण इनपुटपासून २२ किलोओहम व १० मायक्रोफॅरड मालिकेत ग्राउंडला. गेन एकपासून दोनच्या थोडं वर जातो, गिटारला तेवढा पुरतो. आउटपुट १० मायक्रोफॅरड आणि १ किलोओहममधून सीडच्या १६ नंबरच्या पायाला, कपॅसिटरची धन बाजू ऑप-अँपकडे.

बाहेर पडताना १८ आणि १९ नंबरच्या पायांतून डावा-उजवा आवाज येतो. दोन्ही १० किलोओहमच्या दुहेरी लॉग पॉटमधून (आवाज कमी-जास्त करायचा बदलता रेझिस्टर) न्या आणि दुसऱ्या टीएल०७२ च्या दोन अर्ध्यांनी बफर करा. बफरचा इनपुट १ मायक्रोफॅरडमधून घ्या आणि त्याला अर्ध्या व्होल्टेजकडे १ मेगाओहम द्या. शेवटी ४७० ओहम, १० मायक्रोफॅरड, आणि जॅकवर ग्राउंडला १०० किलोओहम. हा शेवटचा १०० किलोओहम नसला की जॅक खोचताना जोराचा 'ठप्प' येतो.

नियंत्रणांचे पॉट १० किलोओहमचे साधे, एक टोक २१ नंबरच्या ३.३ व्होल्टला, दुसरं ऑडिओ ग्राउंडला, मधला पाय २२ नंबरपासून पुढच्या अ‍ॅनालॉग पायांना. प्रत्येक मधल्या पायाला ग्राउंडकडे १०० नॅनोफॅरड. चुकूनही यांना ९ व्होल्ट देऊ नका, प्रोसेसर जातो. मी तीन पॉट पुरेसे मानतो: भोंगा-ढोल समतोल, खोली (आवाज किती हलायचा ते) आणि वेग बदलण्याचा काळ. बटणं दोन, दोन्ही क्षणिक प्रकारची: एक चालू-बंद, एक मंद-जलद. मंद-जलदचं बटण दाबून धरलं की ब्रेक, म्हणजे दोन्ही थांबतात, अशी सोय कोडमध्ये फुकट होते. प्रत्येक रोटरला, म्हणजे भोंग्याला आणि ढोलाला, एक एलईडी द्या, त्याच्या कोनाप्रमाणे उजळणारा. शोभा तर आहेच, पण चुका शोधताना त्याचा मोठा उपयोग होतो.

बायपाससाठी (पेडल बंद असताना आवाज सरळ पुढे जाण्यासाठी) तीन पोलचं बटण हवं का, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. स्टिरिओ पेडलला ते अपुरं पडतं. मी कोडमध्येच बायपास ठेवतो: बंद असताना इनपुट जसाच्या तसा दोन्ही बाजूंना. वीज गेली तर आवाज जाईल हे खरं, पण वीज गेली की अ‍ॅम्पही जातो.

आता कोड. सगळ्याचा पाया एकच: प्रत्येक रोटरचा एक कोन. तो दर नमुन्याला (आवाजाच्या मोजलेल्या प्रत्येक आकड्याला) वेगाप्रमाणे थोडा पुढे सरकतो आणि पूर्ण फेरा झाला की शून्यावर येतो. कोन नेहमी असा साठवत जा. 'वेग गुणिले वेळ' या सूत्राने काढलात तर वेग बदलताना कोन उडी मारतो आणि प्रत्येक बदलाला कटकट ऐकू येते. नवशिक्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

वेगाची चाल सोपी आहे. दर मिलिसेकंदाला आत्ताचा वेग आणि हवा असलेला वेग यांतल्या फरकाचा एक छोटा अंश आत्ताच्या वेगात मिळवायचा. भोंग्यासाठी हा अंश ०.००३ च्या आसपास ठेवा, म्हणजे साधारण सेकंदात तो पोचतो. ढोलासाठी ०.०००७, म्हणजे चार-पाच सेकंद. तिसऱ्या पॉटने दोन्ही अंश एकाच प्रमाणात कमी-जास्त करा. त्यांच्यातलं एकास चारचं नातं मोडू नका.

आवाजाचे दोन भाग करायला एक-पोलचा लो-पास (खालचे स्वर जाऊ देणारा साधा फिल्टर) दोनदा आणि एक-पोलचा हाय-पास (वरचे जाऊ देणारा) दोनदा, चौघांचीही मर्यादा एकच. यात एक मेख आहे: वरच्या भागाचं चिन्ह उलटं करा, म्हणजे उणे एकने गुणा. नाहीतर मर्यादेच्या जागी दोन्ही भाग एकमेकांना खातात आणि मधला आवाज पोकळ होतो. मर्यादा किती? पेटीत ८०० हर्ट्झ आहे, पण ती ऑर्गनसाठी. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झला, पहिली उघडी ३३० ला, आणि पहिल्या तारेचा बारावा पडदा ६५९ ला. म्हणजे गिटारचे बहुतेक मूळ स्वर ८०० च्या खाली, सगळे ढोलाच्या वाट्याला, आणि भोंग्याला फक्त वरचे उपस्वर. स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्याला मी ५०० ते ६०० ठेवायला सांगतो. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटवणारं पेडल) लावत असाल तर उपस्वर भरपूर असतात, मग ८०० च ठेवा. फेंडरने गिटारवाल्यांसाठी १९६७ मध्ये काढलेल्या व्हायब्राटोनमध्ये तर भोंगाच नव्हता. एकच १० इंची स्पीकर आणि त्यापुढे फिरणारा फोमचा ढोल. तसा आवाज हवा असेल तर विभागणी बंद करून सगळा आवाज एकाच रोटरमधून न्या.

भोंग्याच्या भागाला उशिराची रेघ (डिले लाइन, आवाज थोडा वेळ साठवून मागून सोडणारी) हवी: मध्यबिंदू दीड मिलिसेकंद, त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिलिसेकंद हालचाल. ४८ किलोहर्ट्झला ७२ नमुने, अधिक-उणे २४. अर्धा मिलिसेकंद म्हणजे ध्वनीचा सुमारे १७ सेंटीमीटर प्रवास, भोंग्याच्या त्रिज्येच्या जवळपास. ६.७ फेऱ्यांना यातून स्वर २ टक्के वर-खाली होतो, अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासा जास्त. मंद वेगाला हाच फरक पाव टक्का उरतो, कारण स्वराचं हलणं वेगाच्या प्रमाणात असतं. तुमच्या व्हायब्रॅटोत वेग वाढवल्यावर खोली हाताने कमी करावी लागते ना? इथे तसं करायचं नाही. मिलिसेकंद स्थिर ठेवा, बाकी आपोआप होतं.

उशीर म्हणजे दीड उणे अर्धा गुणिले कोनाचा कोसाइन. पातळीही त्याच कोसाइनने: समोर असताना १, पाठ असताना ०.५. उजळपणाही त्यानेच: एक-पोलचा लो-पास, समोर ७ किलोहर्ट्झ, पाठीला अडीच. तिघांनाही एकच कोसाइन मिळाला की वर सांगितलेलं पाव फेऱ्याचं नातं आपसूक जुळतं. पातळीची खोली वाढवण्याचा मोह आवरा. ०.५ च्या खाली गेलात की ते ट्रेमोलो वाटायला लागतं. घुमण्याचं काम उजळपणा करतो, त्याला जास्त हलवा.

उशिराच्या रेघेतून वाचताना दोन नमुन्यांच्या मधली किंमत लागते. सरळ रेषेने काढलीत तर वरचा आवाज मंद होतो, आणि तोही हलता. डेझीच्या कोड-लायब्ररीतल्या उशिराच्या रेघेला हर्माइट पद्धतीने वाचण्याची सोय आहे, ती वापरा.

ढोलाला मध्यबिंदू तोच दीड मिलिसेकंद, नाहीतर दोन्ही भागांची वेळ जुळत नाही. हालचाल ०.१५ मिलिसेकंद पुरे, आणि पातळी १ ते ०.६५. इथे मुख्य काम पातळीचं आहे, स्वर जेमतेम हलला पाहिजे. तो जास्त हलवलात तर खालचे सूर बेसूर वाटतात, आणि बेस गिटारवाला तुमच्याकडे बघायला लागतो.

विभागणीच्या आधी थोडं मऊ क्लिपिंग (आवाजाची टोकं हळूच दाबणं), साधं टॅनएचचं गणित, घातलंत तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा पोत येतो. हे ऐच्छिक आहे. पेटीच्या लाकडी भिंतींचा आभास हवा असेल तर ३ ते ८ मिलिसेकंदांच्या दोन-तीन प्रतिध्वनी एक चतुर्थांश पातळीवर मिसळा. तेही ऐच्छिक, पण हेडफोनवर फरक कळतो.

स्टिरिओसाठी त्याच भोंग्याला दुसऱ्या जागेवरून ऐकायचं, म्हणजे कोनात ९० अंश मिळवून दुसरं वाचन घ्यायचं. ढोल उलटा फिरतो म्हणून त्याच्या कोनातून ९० वजा करायचे. पुष्कळ जण रुंद वाटावं म्हणून १८० अंश ठेवतात, आणि घरी ते झकास वाटतं. मग जत्रेत ध्वनिवाला डावा-उजवा एकत्र करून एकच मोनो आवाज सोडतो, एक बाजू चढते तेव्हा दुसरी तेवढीच उतरते आणि घुमणं गायब होतं. मांडवातला पीए (लोकांसाठीची ध्वनियंत्रणा) मोनोच असणार हे धरून चाला. ९० अंश ठेवा आणि मोनो असेल तर फक्त डावा जॅक द्या, वाय केबल नको.

जोडणीचा क्रम पाळा. आधी सीड न बसवता व्होल्टेज मोजा. मग सीड बसवून नुसता 'आला तो बाहेर' असा कोड चालवा आणि गिटार स्वच्छ येते का ऐका. याच टप्प्यावर १ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी ऐकू आली तर कोडमध्ये दोष नाही. बोर्ड ४८ नमुन्यांचे गठ्ठे करून काम करतो, सेकंदाला हजार वेळा, आणि तेवढ्या वेळा वीज ओढतो. ती थरथर ऑप-अँपच्या पुरवठ्यात शिरते. तो ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड यासाठीच आहेत. शिवाय सगळ्या ग्राउंड तारा एका बिंदूला आणा, आणि इनपुटची तार सीडच्या अंगावरून नेऊ नका. शिट्टी गेली की फक्त भोंगा मोनोत चालवा, मग ढोल, मग वेगाची चाल, शेवटी स्टिरिओ. एकदम सगळं लिहिलंत तर कोणता भाग बिघडला हे कळणार नाही.

आणखी दोन दोष सांगून ठेवतो. पॉट न फिरवता आवाजात खरखर असेल तर पॉटची वाचलेली किंमत थरथरतेय. ती कोडमध्ये सरासरीने मऊ करा. आणि बटण एकदा दाबून दोनदा बदल होत असेल तर संपर्क उसळतोय; पहिल्या बदलानंतर २० मिलिसेकंद कोडने पुढच्या कोणत्याही बदलाकडे लक्ष देऊ नये.

आता पावसाळा. किनाऱ्यावर नुसता दमटपणा नाही, हवेत मीठ आहे, आणि सोल्डरचा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून असलेला चिकट पदार्थ) बोर्डावर तसाच राहिला असेल तर तो ओल धरून ठेवतो. तुमचं तांबं हिरवं पडलं त्याचं मोठं कारण बहुधा हेच. बोर्ड तयार झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स पूर्ण काढा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवा, मगच अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलीपासून राखणारा थर) दोन पातळ हात मारा. फ्लक्सवर कोटिंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. मारताना पॉट, बटणं, जॅक आणि यूएसबीचं तोंड चिकटपट्टीने झाका. एपॉक्सी ओतून बोर्ड बुजवू नका, पुन्हा दुरुस्ती अशक्य होते. व्हेरोबोर्ड (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) वापरत असाल तर सगळ्या पट्ट्यांवर आधी सोल्डरचा पातळ थर चढवा. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या घ्या. साध्या तारेचं आवरण सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर ती टाकून द्या, त्यावर सोल्डर धरत नाही आणि धरल्यासारखं दिसलं तरी महिन्यात सुटतं.

डबा डायकास्ट अ‍ॅल्युमिनियमचा, १५९०बीबी मापाचा, रंग चढवलेला. पत्र्याचा डबा आपल्याकडे दोन पावसाळे काढत नाही. स्क्रू स्टेनलेसचे. सीडला सॉकेट लावायचं तर गोल पिनांचं लावा. स्वस्त चपट्या सॉकेटचे संपर्क काळे पडतात आणि मग पेडल मध्येच मुकं होतं. पेडल ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला.

मांडवातल्या विजेचंही बघा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळात कच्चं, आणि मार्च-एप्रिलमध्ये खड्डा सुकला की आणखी कच्चं. ५० हर्ट्झची घरघर पेडलमधून येतेय असं वाटलं तर आधी पेडल बाजूला करून गिटार थेट अ‍ॅम्पला लावा. बहुतेक वेळा घरघर तिथेच असते. माइकला ओठ लागून झिणझिण्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि अर्थिंग तपासून घ्या. घरघर जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगचा अर्थचा पाय काढणारे लोक आहेत. ते जिवावर बेतू शकतं.

पेडलांच्या रांगेत हे ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी. ओव्हरड्राइव्ह नंतर आला तर तो पातळीतले चढउतार दाबून सपाट करतो आणि भोंग्याचं अर्धं काम वाया जातं. तुमच्याकडे अ‍ॅम्प एकच आहे की दोन, आणि गिटार बहुतेक स्वच्छ वाजवता की ड्राइव्हवर, एवढं कळवा. त्यावरून विभागणीची मर्यादा आणि समतोल किती ठेवायचा ते आकड्यांत सांगतो.